पौर्णिमेला दिवा कशाला

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सातला विहारात ग्रंथवाचन. वाचक मी. चाळीत होतो तेव्हापासून दरवर्षी मीच. कोणी नेमलेलं नाही, पण आवाज, उच्चार आणि शिक्षण बघता दुसरं कोण? मी दहावी पास आहे. आमच्या वेळची दहावी, म्हणजे मॅट्रिकच.

आज पोचायला जरासा उशीर झाला. बघते तर आमच्या चाळीतल्याच नलूताईने मेणबत्ती लावलेली, त्रिसरण-पंचशील झालेलं, आणि तीच चष्मा पुसून वाचत होती. मला मागे चपलांच्या शेजारी जागा मिळाली. राग आला नाही. राग हा मनाचा मळ आहे. फक्त डोकं दुखलं, कारण नलू स्वल्पविरामाला थांबत नाही. पूर्णविरामालाही थांबत नाही. रिकामी टॅक्सी सिग्नल तोडून जाते तशी जाते.

दोष माझा नाही. चाळ होती तेव्हा जिना उतरलं की समोर विहार. कुकरची तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करून मी निघायचे आणि वेळेवर असायचे. आता चाळ पाडली, नवीन टॉवर होईपर्यंत आम्ही गिरणीच्या आवारातल्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये, आणि विहार तिकडे डिलाईल रोडलाच. अंतर वाढलं त्याला मी काय करणार?

११ जुलै, शुक्रवार

मुद्दाम लवकर निघाले. रस्त्यात कुठेही थांबले नाही. फक्त भाजीवालीकडे थांबले, कारण संध्याकाळी ती कोथिंबिरीचा भाव पाडते. मग मेडिकलवाल्याकडे, ह्यांच्या गोळ्यांची पट्टी बदलून घ्यायला. मग जुन्या चाळीतली एक भेटली, तिच्या सुनेचं ऐकून घेतलं. ऐकून घेणं ही करुणाच आहे. तरी उशीर झाला. म्हणजे अंतर खरंच फार आहे.

नलू वाचत होती.

वाचन झाल्यावर सचिव हर्षवर्धन सरांनी नियम सांगितला. सातला मेणबत्ती लागेल, जो हजर असेल तो वाचेल. मी म्हटलं, आणि अश्विन पौर्णिमेला? ते म्हणाले, ताई, नियम तोच. त्या दिवशी भंतेजी येणार आणि आपली सगळी जुनी चाळ येणार. नालासोपारा, कळवा, बदलापूर, जिथे जिथे लोक भाड्याने गेलेत तिथून. शेवटचा अध्याय माईकवर.

शेवटचा अध्याय मी माईकवर नाही वाचला तर बदलापूरहून येऊन लोकांनी ऐकायचं काय?

१३ जुलै, रविवार

उपाय सापडला. सायकल.

गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून एक वाट आहे. सरळ विहाराच्या गल्लीत निघते. भाजीवाली नाही, मेडिकल नाही. पण पावसाळी ढगांत तिकडे सातच्या आधीच काळोख असतो. खांब आहेत, त्यावर दिवे नाहीत. त्यामुळे पायी कोणी जात नाही. सायकलवर दिवा असला की मी पाच मिनिटांत विहारात. लहानपणी डिलाईल रोडला तासावर सायकल मिळायची, तेव्हा मी उत्तम चालवायचे. भाऊ मागून धरायचा, पण ते त्याच्या समाधानासाठी.

ह्यांना सांगितलं. आमचे हे गोदीतून रिटायर झालेले, पेपरमधून डोकं काढलं नाही. म्हणाले, दहा मिनिटं आधी निघ. मी म्हटलं, प्रश्न वेळेचा नाही, वेगाचा आहे. ते म्हणाले, बरं.

ह्यांच्या 'बरं'मध्ये बरं काही नसतं.

१४ जुलै, सोमवार

सायकल विकत घ्यायची नाही. ह्यांचे गोदीतले दोस्त एडवर्डभाऊ, ठाकूरद्वारच्या मागच्या वाडीत राहतात, त्यांच्या बायकोची, नॉर्माची, लेडीज सायकल जिन्याखाली पडून आहे. ती मिळेल. विकत घ्यायचा तो फक्त दिवा.

म्हणून आधी दिवा ठरवणार. मोठ्या वस्तूच्या आधी छोटी वस्तू घ्यावी, म्हणजे मोठीचा खर्च अंगावर येत नाही.

घरखर्चाच्या वहीत कुठल्या खात्यात टाकायचा हा प्रश्न होता. 'प्रवास' नको, हे बघतात. 'मेणबत्ती-अगरबत्ती' या खात्यात टाकीन. विहारात जाण्यासाठीचा उजेड आहे, वेगळा नाही.

१६ जुलै, बुधवार

संघर्षला विचारलं. माझा मुलगा. कम्प्युटर दुरुस्त करतो, त्याला सगळं येतं, फक्त समजावता येत नाही. म्हणाला, सायकलचे दिवे दोन जातीचे. एक, लोकांना आपण दिसावं म्हणून. दुसरा, आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. काळोख्या वाटेला दुसरा लागतो. पुढे पांढरा, मागे लाल. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. आई, तू चारशे ल्युमेनचा पांढरा घे, चार्जिंगचा, आणि जास्त विचार करू नको.

संघर्ष जास्त विचार करू नको म्हणाला की समजायचं वस्तू महाग आहे.

मी विचारलं, एका मेणबत्तीचे किती ल्युमेन? त्याने फोनवर बघितलं. बारा-तेरा. म्हणजे चारशे ल्युमेन म्हणजे तीसहून जास्त मेणबत्त्या. बुद्धजयंतीला अख्ख्या विहारात एवढ्या लागत नाहीत, आणि मी एकटी बाई गिरणीमागून जाताना तेवढ्या पेटवू? शिवाय मला रस्ता बघायची गरजच नाही. रस्ता माझा पाठ आहे.

नलू वाचत होती. आज एक पान दोनदा वाचलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी खोकले.

२० जुलै, रविवार

ठाकूरद्वारला एडवर्डभाऊंकडे. नॉर्माने चहा आणि नारळाचे केक दिले. सायकल छान आहे, चॉकलेटी, पुढे टोपली. हँडलवर मदर मेरीचं स्टिकर आहे. नॉर्मा म्हणाली, काढू का गो? मी म्हटलं, राहू दे. करुणा कुठलीही चालते.

मग एडवर्डभाऊ मला सायकलच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने पंधरा दिवे मांडले. मी एकेकाची नीट चौकशी केली. पावसात चालेल का? चालेल. पाण्यात पडला तर? तो म्हणाला, बाई, सायकल पाण्यात का घालता? उद्धट. सेलवाला घ्यावा की चार्जिंगचा? चार्जिंगचा चांगला म्हणाला. पण रिमोटचे जुने सेल मी उन्हात वाळवून परत वापरते, ते चार्जिंगवाल्यात कुठे घालणार?

शेवटी काही घेतलं नाही. दुकानदार दिवे परत खोक्यात भरत होता तेव्हा एडवर्डभाऊ म्हणाले, वहिनी, बिचाऱ्याची वाट लावलीत. मी म्हटलं, आमच्यात स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितलंय. ते म्हणाले, मग ब्रेक पण स्वतःच दाबा, नॉर्माच्या सायकलचा पुढचा लागत नाही.

२७ जुलै, रविवार. सकाळी

शिकवणी. नॉर्मा चर्चमधली सकाळची प्रार्थना करून थेट सायकल घेऊन आली. मला येतंच, पण तिला बरं वाटावं म्हणून शिकून घेतलं. तिने सीट धरली. ओरडत होती, अगो शेवंती, चाकाकडे काय बघतेस? चाक कुठे पळत नाय, समोर बघ. मी समोर बघितलं तर चाक पळालं.

ट्रान्झिटच्या बायका गॅलरीत उभ्या होत्या. मी पडले नाही. उतरले. जमिनीवर उतरले, एवढंच.

गुडघ्याला हळद. खातं: औषध.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज पहिल्यांदा सायकलने विहारात.

दिव्याची सोय घरातच केली. ह्यांचा गोदीतला जुना टॉर्च परकराच्या नाडीने हँडलला बांधला. खर्च शून्य. नाडी जरा सैल होती, टॉर्च वर वळला. वाटेत समोरून एक बाई येत होती. मला बघून ती ओरडली आणि मागे पळाली. घरी संघर्षला सांगितलं. तो म्हणाला, आई, उजेड खालून थेट तुझ्या तोंडावर पडत असणार. पांढरी साडी, काळोख, मध्येच तोंड. घाबरायचं काही कारण नव्हतं. मी अगदी हळू आवाजात वंदना म्हणत होते.

सायकलने खूप वेळ वाचला. तो वाचलेला वेळ सायकल खांबाला बांधण्यात, साखळीचं कुलूप शोधण्यात, टॉर्च सोडवण्यात आणि नाडीची गाठ दातांनी काढण्यात गेला. पोचले तेव्हा 'साधू, साधू, साधू' चाललं होतं. म्हणजे वाचन संपलं होतं. नलूने विचारलं, शेवंती, सायकलने आलीस तर पायी आल्यापेक्षा उशीर कसा? नलूला हिशेब कधीच जमला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. श्रावण पौर्णिमा

संघर्षने न विचारता तो चारशे ल्युमेनवाला पांढरा दिवा आणला आणि सायकलला बसवूनही टाकला. म्हणाला, गिफ्ट. बटण दाबलं. पहाटेच्या काळोखात गिरणीची अख्खी भिंत उजळली, तिच्यावरचं पिंपळाचं रोप दिसलं, वर झोपलेली मांजर दिसली. मांजरीने माझ्याकडे रागाने बघितलं.

फारच सुंदर वस्तू आहे. म्हणून संघर्ष कामाला गेल्यावर काढून ठेवली. इतका चांगला दिवा रोजच्या रोज पावसात? काचेवरचा प्लास्टिकचा कागदही अजून तसाच आहे. खोक्यात घालून कपाटात, लग्नातल्या शालूच्या खाली. चांगल्या दिवसाला वापरू.

संघर्षला सांगितलेलं नाही. हे खोटं बोलणं नाही. त्याने विचारलेलंच नाही.

शिवाय आज माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आज पौर्णिमा आहे. आपले सगळे मोठे दिवस पौर्णिमेलाच येतात. वैशाख पौर्णिमा, आषाढ पौर्णिमा, अश्विन पौर्णिमा. म्हणजे ज्या दिवशी विहारात पोचणं सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी वर चंद्र असणारच. दिव्यावर पैसे घालणाऱ्या लोकांना हे कोणीतरी सांगायला हवं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस. सगळीकडे गुडघाभर पाणी. विहारात नलू आणि भिंतीवरची पाल, दोघीच असतील असं समजून मी घरी बसले. नंतर कळलं नलू गेली होती, सुनेच्या स्कूटरवरून, रेनकोट घालून, आणि तिने वाचन केलं. श्रोते हर्षवर्धन सर. तेही सचिव म्हणून.

मी घरात बसून वाचलं. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे झोपले. पण नलूचं ऐकून कोणाला एवढी शांत झोप लागली नसती.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती गेले. लालबागच्या फुटपाथवर उरलेला माल काढला होता. सायकलचे दिवे, जोडी, एकावर एक फुकट. दोन्ही लाल, मिचमिच करणारे. सेलवर चालतात, आमच्याकडे उन्हात वाळवलेले सेल आहेतच. घेतले.

एक पुढे लावला, एक मागे. संघर्षचं पुढे पांढरा, मागे लाल हे सगळं दुकानदारांनी दोन प्रकार खपवायला काढलेलं आहे. दिवा तो दिवा. पुढे असला की पुढचा, मागे असला की मागचा.

शिवाय लाल मिचमिचता दिवा जास्त लक्षात येतो. ॲम्ब्युलन्सला तोच असतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

वाटेवर लोक अजिबात बाजूला होत नाहीत. मी समोरून येतेय हे स्पष्ट दिसत असताना मध्येच चालत राहतात, मग अगदी जवळ आले की दचकून भिंतीला चिकटतात. मुंबईत शिस्त उरली नाही.

गिरणीच्या मागच्या गेटवरच्या वॉचमनने आज थांबवलं. म्हणाला, मावशी, आप आ रहे हो की जा रहे हो?

मी पायडल मारत विचार करत राहिले. प्रश्न खोल आहे. आपण सगळेच येतोय की जातोय? साध्या माणसाच्या तोंडून कधी कधी असं निघतं. भंतेजींना सांगायला हवं.

विचारात वळण चुकलं, पुन्हा मागे आले. वॉचमन म्हणाला, अभी? 

उशीर. नलू.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज वेळेच्या अगदी जवळ पोचले. मेणबत्ती लागायची होती. पण नलू काडेपेटी घेऊन उभीच होती. मी म्हटलं, बस तू, गुडघे दुखत असतील, मी लावते. ती म्हणाली, गुडघे तुझे दुखत असतील, सायकलवरून पडून. बायका हसल्या. मी पण हसले, कारण मी हसले नसते तर त्यांना वाटलं असतं मला लागलं.

वाचायला मी बसणार होते, तेवढ्यात आठवलं की पुढचा दिवा चालूच राहिलाय. सेल फुकट जाईल. बाहेर जाऊन बंद करून आले तोवर नलूने सुरुवात केली होती.

दोन मिनिटांचा प्रश्न होता. पण सेल तो सेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार

चैत्यभूमीला जाऊन आलो, मी आणि हे. दादरला बसने. तिथून शिवाजी पार्कात थोडं बसलो. ह्यांनी शेंगा घेतल्या. म्हणाले, पौर्णिमेला सायकल नको, मी येतो तुझ्याबरोबर, चालत जाऊ, साडेसहाला निघू. मी म्हटलं, तुम्हाला वाटतं मला जमणार नाही. ते म्हणाले, तुला जमेल गं. सायकलला जमायला पाहिजे.

साडेसहाला निघायला मी काय नलू आहे?

निश्चय: अश्विन पौर्णिमेचा अध्याय मी वाचणार. अध्याय पाठ करायला घेतला आहे. पुस्तक न बघताही म्हणू शकेन इतका.

६ ऑक्टोबर, सोमवार. अश्विन पौर्णिमा. दुपारी ४

साडीला खळ केली. चष्मा साबणाने धुतला. हवा भरून आणली. ब्रेक एकच आहे पण चांगला आहे.

आज वाटेत कुठेही थांबायचं नाही. कोथिंबीर कालच आणली आहे.

संघर्षचा पांढरा दिवा कपाटातून काढून पाहिला. कागद अजून काचेला चिकटलेला, बोटाचा डागही नाही. आज चांगला दिवस आहे, वापरायला हरकत नव्हती. पण मग आठवलं, पौर्णिमा. आज वरून फुकट उजेड आहे. चंद्र असताना दिवा लावायचा म्हणजे नळ चालू असताना बाटलीचं पाणी प्यायचं. परत शालूखाली ठेवला.

लाल दोन लावते. ते मिचमिच करतात म्हणून अर्धा वेळ बंदच असतात, सेल कमी खातात.

हे म्हणाले, ढग नाहीत ना ते बघ. बघितलं. एक ढग नाही. ह्यांना आज माझ्यात चूक सापडली नाही, म्हणून चहा गार आहे म्हणाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी

शांतपणे लिहायचं आहे. मन समतोल ठेवून.

काल मी वेळेवर निघाले, बरोबर सातला. हे वहीत नोंदवून ठेवते. वाटेत कुठेही थांबले नाही. हेही.

चंद्र होता. मी खोटं लिहिलं नव्हतं. पण तो शेजारच्या एका नव्या टॉवरच्या मागे होता. पन्नास मजल्यांच्या मागे चंद्राने तरी काय करावं? वाटेत माझा हात मला दिसत नव्हता. रस्ता पाठ होता, म्हणून चालले. फक्त परवा तिथे रेती टाकली आहे हे पाठ केलेल्यात नव्हतं.

समोरून दोन माणसं येत होती, हातात मोबाईलचा उजेड. मी घंटी वाजवली. घंटी गंजलेली, ती खाकरते. तेवढ्यात त्यांच्यातली बाई ओरडली, ओ भाऊ, थांबा जरा, पुढे शेवंतीताई दिसली का? आवाज नलूचा. मी म्हटलं, अगं मीच. पण घंटीच्या खाकरण्यात ऐकू गेलं नसावं. ती पुन्हा ओरडली, थांबा ना ओ, आणि धावायला लागली.

आता हे नलूने नंतर सगळ्यांसमोर सांगितलं, मी नुसतं उतरवून ठेवते. तिला लाल दिवा दिसला. तिला वाटलं कोणीतरी सायकलवर पुढे निघून चाललंय. म्हणून त्याला गाठायला ती धावली. मी तिच्याकडे येत होते. ती माझ्याकडे येत होती. ती म्हणाली, एवढ्या लवकर मी आयुष्यात कोणाला गाठलं नाही.

दोघी रेतीत बसलो. लागलं कोणाला नाही. रेती मऊ असते. नलूच्या केसांत रेती, माझ्या टोपलीत नलूची चप्पल. दुसरं माणूस म्हणजे हर्षवर्धन सर. ते आम्हाला उचलायला आले आणि काहीतरी कुरकुर वाजलं. माझा चष्मा. साबणाने धुतलेला.

मी विचारलं, नलू, तू इकडे कशाला आलीस?

नलू म्हणाली, तुला आणायला. सात वाजून गेले, तू नाही. मी सरांना म्हटलं, मेणबत्ती थांबवा. बदलापूरहून लोक आलेत, त्यांना शेवंतीचा आवाज ऐकायचाय, माझा काय ऐकायचाय? मी आपली रोज वाचत होते, कारण कोणीतरी वाचायला पाहिजे ना. आज तूच वाच. सून सोडायला येणार होती पण स्कूटर बंद पडली, म्हणून चालत निघाले. मी चालत तुझ्याकडे पोचले, तू सायकलवर असून माझ्याकडे पोचली नाहीस.

मी बाजूला थुंकले. रेती तोंडात होती.

विहारात गेलो. सगळी चाळ बसलेली, साडेसहाला चालत निघालेले हेही. मेणबत्ती मीच लावली, नलूने काडी दिली. मग पुस्तक उघडलं. अक्षरं मुंग्यांसारखी. नलूने आपला चष्मा दिला, त्यातून मुंग्या मोठ्या झाल्या. मी पाठ म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ नीट आली. दुसरीही. तिसरी ओळ मागच्या महिन्यातल्या अध्यायातली होती, असं भंतेजींनी फार प्रेमाने सांगितलं.

मग नलूने वाचलं. मी तिच्याशेजारी बसले, माईक धरून. माईकचा स्टँड मोडला होता, कोणीतरी धरायला हवाच होता. एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही. नलू आता पूर्णविरामाला थांबते. कोणामुळे शिकली ते विचारायला नको. मागे बसून कोण खोकत होतं?

वाचन झाल्यावर जुन्या चाळीतले लोक येऊन म्हणाले, शेवंतीताई, जय भीम, तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं. दोनच ओळी ऐकल्या असतील, पण ऐकल्या.

परत येताना हे आणि नलू पुढे चालत होते, मी सायकल ढकलत मागे. ह्यांनी एकदाही 'बरं' म्हटलं नाही. त्यापेक्षा म्हटलेलं बरं.

गेटवर वॉचमनने सायकलकडे बघितलं. या वेळी त्याने काही विचारलं नाही. मीच सांगितलं, जा रहे है.

सकाळी ९

चष्मा करायला टाकायचा. खातं: मेणबत्ती-अगरबत्ती.

संघर्षला खरं सांगितलं, तो पांढरा दिवा कुठे आहे ते. तो रागावला नाही. कपाटाकडे गेला, शालूच्या खालून खोका काढला, काचेवरचा कागद सोलून काढला. मला तो कागद सोलल्याचा आवाज अजून ऐकू येतोय. बटण दाबलं. दिवा लागला नाही. दोन महिने ठेवून चार्जिंग उतरलं होतं.

म्हणजे काल नेला असता तरी लागला नसता. म्हणजे माझी चूक नव्हती. हे मी सगळ्यांना सांगितलं. नलूलाही फोन करून सांगितलं. नलू म्हणाली, बरं.

दिवा आता चार्जिंगला लावला आहे. खिडकीपाशी, टीव्हीच्या प्लगवर. चार्ज होत असताना त्याच्यावर एक बारीक दिवा लागतो.

लाल.